नऊ वर्षांच्या मुलीसाठी पहिला कॅमेरा: कॅनन पॉवरशॉट ए१२००, आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या लेकीने दिवाळीत कॅमेरा मागितला तेव्हा ती चौथीत होती आणि फोटो काढायचा झाला की तिला माझ्या किंवा तिच्या आईच्या फोनची वाट पाहावी लागत असे. फोन हातात दिला की फोटो दोन मिनिटे आणि बाकीच्या गोष्टी अर्धा तास, हा अनुभव लहान मुले असलेल्या बहुतेक घरांत येत असणार. म्हणून जे केवळ फोटो काढते आणि दुसरे काहीही करत नाही असे साधन तिला द्यावे, असे आम्ही दोघांनी ठरवले आणि खर्चाची मर्यादा सहा हजार रुपये ठेवली. पुढचा महिनाभर मी नाशिकच्या महात्मा गांधी रस्ता, मेन रोड आणि रविवार कारंजा या भागांतील दुकाने धुंडाळली, ऑनलाइनही पाहिले, दोन कॅमेरे घेऊन परत केले आणि तिसरा ठेवला. तो तिसरा कॅमेरा म्हणजे २०११ साली बाजारात आलेला कॅनन पॉवरशॉट ए१२००, अर्थातच वापरलेला. या लेखात मुख्यतः त्याच्याविषयी लिहितो आहे, पण आधीच्या दोन फसलेल्या खरेदींविषयीही लिहिणे आवश्यक वाटते, कारण बहुतेक पालकांची सुरुवात तिथूनच होते.

पहिला होता खास मुलांसाठी म्हणून विकला जाणारा, सशाच्या कानांचे रबरी आवरण असलेला गुलाबी कॅमेरा. किंमत एक हजार आठशे नव्व्याण्णव रुपये, सोबत मेमरी कार्ड आणि गळ्यात अडकवायची दोरी, आणि खोक्यावर ठळक अक्षरांत '४८ मेगापिक्सेल'. लेक दोन दिवस आनंदात होती. तिसऱ्या दिवशी तिने अंगणातल्या जास्वंदीच्या फुलाचे अकरा फोटो काढले आणि ते सगळे धूसर आले. "बाबा, मी हात अजिबात हलवला नव्हता," असे ती पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि ते खरेच होते. या प्रकारच्या बहुतेक कॅमेऱ्यांचे भिंग एकाच अंतरावर कायमचे बसवलेले असते. सुमारे हातभर अंतराच्या आत आलेली वस्तू त्यात स्पष्ट येऊच शकत नाही, मग मूल कितीही स्थिर उभे राहो. मुलांना तर जवळचेच पाहायचे असते: फूल, मुंगी, मांजरीचे नाक, स्वतःची तळहातावरची गोटी. जे जवळून पाहायला मूल स्वतः गुडघ्यांवर बसते तेच जो कॅमेरा धूसर करतो, तो मुलांसाठी बनवलेला आहे असे म्हणणे मला पटत नाही.

मेगापिक्सेलचा आकडाही तपासून पाहिला. फोटो संगणकावर उघडला तर माप खरोखरच ८००० गुणिले ६००० होते, पण मोठा करून पाहिल्यावर त्यात रंगांचे ओघळ सोडून काही नव्हते. आत एक किंवा दोन मेगापिक्सेलचा छोटासा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, असतो आणि त्याने टिपलेले चित्र कॅमेऱ्यातील प्रणाली ताणून मोठे करते, जसे रबरी फुग्यावरचे अक्षर फुगा फुगवल्यावर मोठे होते तसे. अक्षर मोठे होते, नवे काही लिहिले जात नाही. शिवाय सिटी बसच्या खिडकीतून काढलेल्या फोटोंत विजेचे खांब एका बाजूला कलंडलेले आले, कारण असा सेन्सर चित्र एकदम न टिपता ओळीओळीने आणि सावकाश वाचतो. आणि ज्या कारणासाठी आम्ही फोन टाळत होतो ते कारणही या कॅमेऱ्यात होतेच: त्याच्या यादीत पाच खेळ होते, आणि चौथ्या दिवसापासून लेक फोटोऐवजी त्यातला सापाचा खेळ खेळू लागली. परत पाठवताना तिला वाईट वाटले. मला अधिक वाईट याचे वाटले की तोवर 'आपल्याला फोटो काढता येत नाहीत' असे तिने मनाशी धरायला सुरुवात केली होती.

त्यानंतर जे पर्याय पाहिले त्यांतील काहींवर फार वेळ घालवला नाही. बिलाच्या कागदासारख्या गुंडाळीवर तिथल्या तिथे फोटो छापून देणारे लहान कॅमेरे मुलांना आवडतात, पण तो उष्णतेने उमटणारा कागद काही काळाने फिका पडतो आणि चित्र काळे-पांढरेच येते. इन्स्टॅक्स मिनी या खास फिल्मवर लगेच रंगीत फोटो देणाऱ्या कॅमेऱ्याचे फोटो सुंदर असतात, मात्र एका पाकिटात दहाच फोटो आणि प्रत्येक फोटोमागे खर्च असल्यामुळे शिकणाऱ्या मुलाला चुका करण्याची मोकळीक उरत नाही. पाण्यात चालणारा निकॉन कूलपिक्स डब्ल्यू१५० लहान हातांसाठी नीट विचार करून बनवला होता, पण तो आता नवा मिळत नाही, आणि जुना घ्यावा तर त्याच्या झाकणाचे रबर अजून पाणी अडवते की नाही हे दुकानात तपासता येत नाही. नवेच घ्यायचे असेल तर कोडॅक पिक्सप्रो एफझेड४५ हा मला सर्वांत सरळ पर्याय वाटला. १६ मेगापिक्सेल, चारपट ऑप्टिकल झूम (भिंग सरकवून दृश्य खरोखर जवळ आणणारा) आणि साधे पेन्सिल सेल ही त्याची रचना मुलासाठी योग्य आहे, आणि ज्यांची मर्यादा आमच्याहून मोठी आहे त्यांनी तो अवश्य पाहावा. आम्हाला मात्र सांगितलेली किंमत मर्यादेबाहेर होती.

तेव्हा वापरलेल्या कॅमेऱ्यांकडे वळलो. इथे दुसरी चूक झाली, आणि ती पूर्णपणे माझ्या घाईमुळे झाली. एका विक्रेत्याकडून घेतलेल्या कॅमेऱ्याचे फोटो घरी आल्यावर सगळे जणू धुक्यात काढल्यासारखे दिसले. मोबाइलचा टॉर्च भिंगावर तिरका धरून पाहिले तेव्हा आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले. ती बुरशी होती. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या कॅमेऱ्याला हा रोग हमखास जडतो, आणि कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचे भिंग उघडून साफ करण्याचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीहून जास्त होतो. विक्रेत्याने बराच वाद घातला, शेवटी पैसे परत केले. त्यानंतर मी खिशात दोन नवे सेल आणि रिकामे मेमरी कार्ड ठेवूनच दुकानात जाऊ लागलो. कॅमेरा सुरू-बंद पाच-सहा वेळा करून भिंग बाहेर येताना अडखळते का ते ऐकायचे. सेलच्या कप्प्यातील पत्र्यांवर हिरवट क्षार आहे का ते पाहायचे. भिंग हाताने झाकून एक पूर्ण काळा फोटो काढायचा आणि त्यात पांढरे-लाल ठिपके चमकतात का ते तपासायचे. फ्लॅश लागोपाठ तीन वेळा उडवून पाहायचा. आणि पावती मिळाल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. एवढे करायला दहा मिनिटे लागतात. ज्या दुकानदारकाकांकडून शेवटी ए१२०० घेतला ते माझी ही तपासणी शांतपणे पाहत राहिले, आणि पंधरा दिवसांची हमी त्यांनी न मागता पावतीवर लिहून दिली. किंमत ठरली तीन हजार आठशे.

हाच कॅमेरा का, तर तीन कारणांसाठी. त्याला चारपट ऑप्टिकल झूमचे खरे भिंग आहे, जे २८ मिलिमीटरपासून सुरू होते, म्हणजे बरेच रुंद दृश्य टिपते, आणि तीन सेंटिमीटर अंतरावरच्या वस्तूवरही फोकस करते. तो दोन साध्या पेन्सिल सेलवर चालतो. आणि त्याला डोळा लावून पाहायची खिडकी, म्हणजे ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर आहे, जो २०११ सालीही स्वस्त कॅमेऱ्यांतून जवळजवळ नाहीसा झाला होता. १२.१ मेगापिक्सेल हा आकडा दुकानातल्या कोणालाही आज कमी वाटतो, पण ४ बाय ६ इंचांचा उत्तम फोटो छापायला २.१६ मेगापिक्सेल पुरतात आणि ८ बाय १० इंचांना ७.२. त्यामुळे हा आकडा मी निकषांतून काढूनच टाकला होता.

व्ह्यूफाइंडरचे महत्त्व मला वापर सुरू झाल्यावरच खऱ्या अर्थाने कळले. मूल मागचा पडदा पाहून फोटो काढते तेव्हा दोन्ही हात पुढे लांबवते, कॅमेरा हवेत डुलतो, आणि दुपारच्या उन्हात पडद्यावर स्वतःच्या चेहऱ्याखेरीज काही दिसत नाही. खिडकीला डोळा लावला की कोपर आपोआप अंगाशी येतात, कॅमेरा कपाळाला टेकतो आणि हात स्थिर होतो. हे तिला कोणी शिकवावे लागले नाही. पडदा बंद ठेवल्याने सेलही जास्त टिकतात. एक त्रुटी मात्र आहे: ही खिडकी भिंगाच्या थोडी बाजूला असल्यामुळे जवळच्या वस्तूचा फोटो काढताना दिसते एक आणि येते थोडे सरकलेले, आणि कडेचा बराच भाग खिडकीतून दिसतच नाही. म्हणून जवळच्या फुलासाठी पडदा आणि लांबच्या गोष्टीसाठी खिडकी, असा नियम आम्ही केला.

त्याहून मोलाचे आहे ते अर्धे दाबले जाणारे बटण. शटरचे बटण निम्मे दाबले की भिंग अंतर जुळवते, दोन बारीक टिक-टिक आवाज येतात, आणि मग पूर्ण दाबले की फोटो निघतो. आवाज आला नाही तर मागे सरकायचे किंवा थांबायचे. सुरुवातीच्या आठवड्यात ती सरळ खटकन दाबत असे आणि फोटो हलत. मग तिच्या आईने तिला सांगितले की दार उघडण्याआधी आपण कडी वाजवतो आणि आतून 'ओ' आली की ढकलतो, तसे हे आहे. त्या दिवसापासून ती 'ओ' ऐकल्याशिवाय बटण दाबत नाही. फोटो बिघडला तर का बिघडला हे आता तिचे तिला कळते, आणि खेळण्यातल्या कॅमेऱ्यात नेमके हेच शक्य नव्हते. तिथे चांगला फोटो आला तरी योगायोग होता आणि वाईट आला तरी योगायोगच.

पहिली मोठी परीक्षा झाली ती रामकुंडाजवळच्या नारोशंकर मंदिरापाशी. १७४७ साली बांधलेले हे काळ्या दगडाचे मंदिर आणि दर्शनी भिंतीवर उंच टांगलेली, वसईच्या विजयानंतर आणलेली घंटा, या दोन्ही गोष्टी नाशिककरांच्या रोजच्या पाहण्यातल्या आहेत. लेकीने चौकट मंदिराने पूर्ण भरून फोटो काढला आणि दगड राखाडी आला. "दगड तर काळा आहे, मग असा धुतल्यासारखा का?" हा प्रश्न तिने स्वतः विचारला. कॅमेऱ्याला दगड काळा आहे हे ठाऊक नसते. समोरचे सगळे दृश्य मध्यम उजेडाचे असावे असे धरून तो प्रकाश मोजतो, आणि काळा दगड दिसला की उजेड कमी पडला असे समजून चित्र अधिक उजळ करतो. ए१२०० मध्ये प्रोग्राम पद्धत निवडून उजेड वजा किंवा अधिक दोन टप्प्यांपर्यंत बदलता येतो. एक टप्पा वजा केल्यावर दगड काळा झाला आणि कोरीवकामाच्या कडा वर आल्या. घंटेसाठी तिने झूम शेवटपर्यंत नेला, तेव्हा घंटेवरची नक्षी घाटाच्या पायरीवरूनही ओळखू आली. पुढच्या बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात पांढऱ्या मुळ्यांच्या ढिगाचा फोटो काळपट आला, तेव्हा तिने मला न विचारता उजेड एक टप्पा अधिक केला. त्या एका कृतीसाठी मी या कॅमेऱ्याला पूर्ण गुण देईन.

डिसेंबरात नांदूर मधमेश्वरला गेलो, आणि तिथे कॅमेऱ्याची मर्यादा स्पष्ट झाली. महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, असलेल्या या जलाशयावर हिवाळ्यात पक्षी भरपूर असतात, पण ते पक्षी पाहायच्या मनोऱ्यापासून दूर असतात. साधे गणित असे की झूम पूर्ण लावल्यावरही शंभर मीटर अंतरावर या कॅमेऱ्याच्या चौकटीत सुमारे तीस मीटर रुंदीचे पाणी मावते. त्यात अर्ध्या मीटरचे बदक रुंदीचा साठावा भाग व्यापते. लेकीच्या फोटोंत बदके म्हणजे ठिपके होते. ती हिरमुसली, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्यांच्या मुलाला पक्ष्यांचेच वेड आहे त्यांना चाळीसपट झूमचा निकॉन कूलपिक्स बी५०० वापरलेला मिळू शकतो, तोही पेन्सिल सेलवर चालतो, पण चार सेलवर, आणि त्याचे वजन अर्ध्या किलोहून अधिक असल्याने नऊ वर्षांच्या मुलीच्या गळ्यात तो दिवसभर ठेवणे मला योग्य वाटत नाही. ए१२०० सेल आणि कार्डासह दोनशे ग्रॅमच्या आत बसतो. त्या दिवशी तिने शेवटी काठावरच्या जांभळ्या पाणकोंबडीचा, मनोऱ्याच्या जिन्यातल्या जाळ्याचा आणि दुर्बिणीला डोळा लावून उभ्या असलेल्या आईचा फोटो काढला. ते तिन्ही फोटो चांगले आहेत.

अंधारात हा कॅमेरा आजच्या मध्यम फोनच्याही मागे पडतो. पांडवलेण्यांच्या आत आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता, १६०० पर्यंत वाढवला की चित्रावर वाळू सांडल्यासारखे दाणे येतात, आणि फ्लॅश चार-पाच पावलांपलीकडे पोहोचत नाही. यावर उपाय इतकाच की फ्लॅश बंद करायचा, आयएसओ कमी ठेवायचा, कॅमेरा दगडी ओट्यावर ठेवायचा आणि दोन सेकंदांचा टायमर लावून हात काढून घ्यायचा. असे काढलेले खांबांचे फोटो आश्चर्य वाटावे इतके स्वच्छ आले. घरातल्या वाढदिवसाच्या संध्याकाळी मात्र हा उपाय चालत नाही, कारण मुले ओट्यावर ठेवलेल्या दगडासारखी स्थिर बसत नाहीत. तिथे फ्लॅश वापरावाच लागतो.

सेलविषयी सविस्तर सांगतो, कारण इथे पैसे वाचतात. साध्या अल्कलाइन सेलवर कॅमेरा चालतो, पण रोज वापरणाऱ्या मुलाला ते परवडत नाहीत. आम्ही चार्ज होणारे चार निकेल मेटल हायड्राइड सेल आणि चार्जर मिळून सुमारे चौदाशे रुपयांना घेतले. दोन कॅमेऱ्यात, दोन दप्तरात. नांदूर मधमेश्वरच्या पूर्ण दिवसात तीनशेच्या आसपास फोटो एकाच जोडीवर निघाले. दहा वर्षांपूर्वीच्या लिथियम बॅटरीच्या कॅमेऱ्यांत मूळ बॅटरी बहुधा मरणपंथाला लागलेली असते आणि तिच्या जागी मिळणाऱ्या नकली बॅटऱ्यांवर माझा विश्वास नाही. पेन्सिल सेल मात्र कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतात. मेमरी कार्ड १६ जीबीचे घेतले, त्यात चार हजारांहून अधिक फोटो मावतात. याहून जुना कॅमेरा घेणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी: खूप जुने कॅमेरे २ जीबीपेक्षा मोठे कार्ड ओळखतच नाहीत, आणि तेवढे लहान कार्ड आता शोधत फिरावे लागते.

दर महिन्याला लेकीने बारा फोटो निवडायचे आणि आम्ही ते छापून आणायचे, असा क्रम ठेवला आहे. पहिल्या वेळी लॅबमधून फोटो आले तर आजीच्या डोक्यावरचा पदर कापला गेला होता आणि मांजरीचे पाय गायब होते. कॅमेऱ्याचा फोटो चारास तीन या प्रमाणात असतो आणि ४ बाय ६ इंचांचा कागद तिनास दोन या प्रमाणात. सांगितले नाही तर लॅबचे यंत्र वरून-खालून मिळून उंचीचा सुमारे अकरा टक्के भाग कापून टाकते. आता आम्ही 'पूर्ण फोटो, कडेला पांढरी पट्टी' असे सांगतो. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत.

दोष आणखी आहेत. सेलच्या कप्प्याच्या झाकणाची प्लास्टिकची अडकण नाजूक आहे आणि याच मालिकेतले कितीतरी कॅमेरे केवळ ती तुटल्यामुळे मोडीत निघाले, म्हणून सेल आम्हीच बदलतो. मागचा पडदा आजच्या मानाने भरड आहे, त्यामुळे चांगला आलेला फोटोही तिथे सामान्य दिसतो आणि मूल तो पुसून टाकण्याची शक्यता असते. घरी संगणकावर पाहिल्याशिवाय काही पुसायचे नाही, असे आम्ही बजावून ठेवले आहे. फोनवर फोटो थेट पाठवण्याची सोय नाही, कार्ड काढून लावावे लागते, आणि ही उणीव आम्हाला सोयीची वाटते. व्हिडिओ ७२० पिक्सेलचा, कामापुरता. एकूण खर्च कॅमेरा, सेल, चार्जर, कार्ड आणि मनगटात अडकवायची नवी दोरी धरून सहा हजारांच्या थोडा आत राहिला.

जुलैत गोदावरीला पूर आला तेव्हा तिने दुतोंड्या मारुतीचा, म्हणजे नाशिककर ज्यावरून पुराची पातळी ओळखतात त्या नदीकाठच्या मूर्तीचा, फोटो काढायचा हट्ट धरला. कॅमेऱ्याला पाण्यापासून कसलेही संरक्षण नाही, म्हणून पुलाच्या कठड्यापासून मागे उभे राहून मी तिच्या डोक्यावर छत्री धरली, तिच्या आईने खांदे धरले, आणि तिने खिडकीला डोळा लावून झूम पुढे नेला. पाणी मारुतीच्या छातीला लागले होते. दोन टिक-टिक ऐकू आल्या, तरी तिने बटण दाबले नाही. एक मोठा ओंडका वाहत येत होता, तो मूर्तीजवळ येईपर्यंत ती थांबली. घरी आल्यावर कॅमेरा पुसून सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला. त्या महिन्याच्या बारा फोटोंत तिने तो पहिला ठेवला आहे.